नातीच्या चेहऱ्याचं कोटेशन

"स्वरूपाचं नाक कसं आहे हो?" असं विजयश्रीनं विचारलं तेव्हा मी भेंडी पुसत होतो. प्रश्न सोपा होता. तरी मी हातातली भेंडी खाली ठेवली, नीट विचार केला आणि म्हणालो, "नाकासारखं आहे."

यात माझा दोष नाही. आधी भोसरीत आणि मग चाकणला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत मी सगळी नोकरी खरेदी विभागात काढली. नट, बोल्ट, पत्रा, रबरी वायसर यांचं वर्णन करायला सांगा, मी झोपेतसुद्धा करीन. जाडी सांगीन, ग्रेड सांगीन, कोण स्वस्त देतो तेही सांगीन. पण दहा महिन्यांच्या मुलीचं नाक कोणत्या ग्रेडमध्ये बसतं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

"रणजीतला विचारलं तर तो म्हणतो, क्यूट. उत्कर्षा म्हणते, आईंसारखं. कुठल्या आई ते विचारायच्या आत फोन बंद. आणि तुम्ही म्हणता नाकासारखं," विजयश्री म्हणाली. "मला कुणी नीट सांगतच नाही."

रणजीत आमचा मुलगा, उत्कर्षा आमची सून. दोघं जर्मनीत नोकरीला, आणि स्वरूपाचा जन्म तिकडचाच. ती जन्मायच्या आदल्या वर्षी विजयश्रीचे डोळे काचबिंदूनं गेले. उजेड आणि अंधार एवढं कळतं, त्यापुढे काही नाही. तरी आमच्या आकुर्डीच्या घरात सगळ्यात जास्त तिलाच दिसतं. कोथिंबीर निवडते, नोटा बोटांनी ओळखते आणि मी जिना चढताना नुसत्या पावलांवरून सांगते की हे दूध विसरून आले. पूर्वी ती शिवणाचा क्लास घ्यायची. बाईच्या दंडाला हात लावला की टेप न लावता बाहीचं माप सांगायची, ते बोट अजून तसंच आहे.

पण व्हिडिओ कॉलला बोटं काय करणार? दर रविवारी तिकडून सगळे ओरडायचे, "आजी, बघ बघ, दात आला!" आणि ही फोन अगदी सरळ धरून हसायची. परक्या भाषेतल्या कीर्तनाला बसलेला माणूस बाकीचे हसले की हसतो ना, तसं. ते हसू मला बघवायचं नाही.

"पुढच्या उन्हाळ्यात येणारच आहेत की," मी म्हणालो. "तेव्हा मांडीवर घेऊन बघ."

"तेव्हाची वेगळी असेल. चालत असेल, गाल उतरले असतील." तिनं वाटाण्याची शेंग सोलली. "आत्ताची राहूनच जाणार."

एवढं बोलून ती वाटाण्यांकडे वळली. मी भेंडी चिरली. ती इतकी वेडीवाकडी चिरली गेली, की जेवताना तिनं घास तोंडात घातल्या घातल्या विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचा नवनाथ भेटला. हिंजवडीला आयटीत आहे. कंपनीच्या गाडीत त्याचं इतकं आयुष्य जातं, की घरी असला म्हणजे भेटेल त्याला सल्ला देऊन भरपाई करतो. मी त्याला अडचण सांगितली.

"काका, एकदम सोपंय. रणजीतदादाला मोबाईलवर तिचा चेहरा स्कॅन करायला सांगा. त्याची फाईल होते. ती रेझिनमध्ये प्रिंट करून घ्यायची. रेझिन म्हणजे डिंकासारखं पातळ असतं, त्यावर प्रकाश पडला की थरावर थर घट्ट होत जातो. हुबेहूब चेहरा हातात! फाईल तर फुकट, बाकी आठशे-हजारात काम."

'फुकट' हा शब्द ऐकल्यावर खरेदी विभागातल्या माणसानं जिन्यानं पळत सुटायला हवं. मी लिफ्टचं दार धरून ठेवलं आणि सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

विजयश्रीला काही सांगायचं नाही, असं ठरवलं. जमलं नाही तर तिच्या आशेवर पाणी पडायचं, आणि जमलं तरी ती आधी किंमत विचारणार. त्यामुळे मी रणजीतशी जिन्यात उभा राहून कुजबुजायला लागलो. पहिल्या स्कॅनमध्ये स्वरूपाला दोन नाकं आली. "बाबा, ती हलली," रणजीत म्हणाला. दुसऱ्यात तोंड थेट कानाला जाऊन भिडलं होतं. मधेच तिला बिस्किट दिसलं होतं म्हणे. शेवटी ती झोपली असताना उत्कर्षानं दिवा धरला आणि रणजीतनं पाळण्याभोवती रांगत रांगत स्कॅन केला. सहा फुटांचा इंजिनियर बाप बाळासारखा रांगला, लेक मात्र गाढ झोपेत.

इकडे माझ्या कुजबुजण्याचा परिणाम वेगळाच झाला. आमच्या बिल्डिंगची जमीन मूळची यशवंतरावांची. आता ते तळमजल्यावर राहतात आणि पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात. त्यांच्या नजरेतून मांजर सुटत नाही. एके सकाळी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"भाऊ, आपलं वय झालं. जिन्यात उभं ऱ्हाऊन 'झोपली का, आता झोपली का' इचारताय. काय लफडं न्हाई ना?"

एकसष्ट वर्षांच्या निष्कलंक चारित्र्यावर असा घाला! ते वाचवण्यासाठी मला सगळं सांगावं लागलं. ऐकून यशवंतराव हळवे झाले, आणि हळवे झाले की ते सल्ला देतात.

"त्यापरीस आमच्या गणपतीवाल्याकडनं शाडूचं करून घ्या. फोटू दावला की झालं. रंगबी मारून देतो."

"अहो, तो सगळ्यांनाच गणपतीसारखे डोळे करतो."

"मग वाईट काय हाय त्यात?"

 मी बस पकडून तळवड्याला गेलो.

तिथं एका गाळ्यात सुजित नावाच्या तरुणाचं प्रिंटिंगचं वर्कशॉप होतं. मुलगा नम्र. दर वाक्याला 'सर' म्हणायचा, आणि दर 'सर'ला किंमत वाढायची. त्यानं फाईल स्क्रीनवर उघडली. माझी नात राखाडी रंगात हवेत तरंगत गोल फिरायला लागली. मला भरून आलं. सुजितनं कपाळाला आठ्या घातल्या.

"सर, मॉडेल वॉटरटाइट नाहीये."

"मला त्यात पाणी भरायचं नाही."

"तसं नाही सर, सरफेसला भोकं आहेत."

"कुठं?"

"नाकात."

"नाकाला भोकं असतात हो!"

त्यानं शांतपणे समजावलं, की ती भोकं वेगळी आणि ही वेगळी. फाईल दुरुस्त करायला हवी, चेहऱ्याला मागून जाडी द्यायला हवी, छपाईत हनुवटी लोंबू नये म्हणून खाली टेकू लावायला हवेत, मग ते टेकू तोडायला हवेत, घासायला हवं, धुवायला हवं, पुन्हा प्रकाशात ठेवायला हवं. या प्रत्येक हवंचे वेगळे पैसे होते. वर जीएसटी. ज्या फाईलला नवनाथ फुकट म्हणाला होता, तिच्या दुरुस्तीलाच त्यानं सांगितलेला सगळा आकडा संपला.

पण मीही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. कोटेशन हातात आलं, की माझा चेहरा आपोआप दगडाचा होतो. मी खुर्चीत मागे रेललो. "यात कमी काय होऊ शकतं?"

"साइज कमी केली तर रेझिन कमी लागेल, सर."

"करा."

सुजित माऊस सरकवत गेला, आकडा उतरत गेला, आणि मी "अजून, अजून" म्हणत राहिलो. किती वर्षांनी रक्त असं सळसळलं! आकडा माझ्या मनासारखा आला तेव्हा मी टेबलावर थाप मारली. स्क्रीनवर बघायचं भान मला राहिलंच नव्हतं. तिथं माझी नात चिकूएवढी झाली होती.

"छान, सुबक होईल," मी म्हणालो. माघार घेणं आमच्या विभागाच्या रक्तात नाही.

ती चिकूएवढी स्वरूपा तयार झाली तेव्हा खरंच सुबक होती. पापण्यासुद्धा आल्या होत्या. मी ती खिशात घालून परतीच्या बसमध्ये बसलो. खिडकीपाशी जागा मिळाली. खिशातून ती काढली, आणि का कोण जाणे, मी डोळे मिटले. विजयश्रीला काय दिसेल ते बघू, म्हटलं. अंगठा फिरवला. काहीतरी उंचवटा लागला. नाक? का हनुवटी? पुन्हा फिरवला. दोन बोटांखाली अख्खा चेहरा संपून जात होता. उघड्या डोळ्यांनी जे इतकं सुंदर होतं, ते मिटल्या डोळ्यांना फणसाच्या आठळीसारखं लागत होतं.

डोळे उघडले तर शेजारच्या बाईंनी चप्पल काढून हात जोडले होते. "बाळकृष्ण का? कुठल्या देवळातला?"

"तळवड्याचा," मी म्हणालो. त्यांनी त्याला बोट लावून कपाळाला लावलं आणि उतरून गेल्या.

मी मात्र पुढच्या स्टॉपपर्यंत तसाच बसलो. तिनं विचारलं होतं नाक कसं आहे, आणि मी तिला आठळी नेऊन देणार होतो, तीही वाजवी दरात. पुढच्या स्टॉपवर मी उतरलो, रस्ता ओलांडला आणि तळवड्याची बस धरली.

"सुजितराव, खऱ्या मापाची करा," मी म्हणालो. "आहे तेवढी. एक सूतही कमी नको."

त्यानं किंमत सांगितली. मी आयुष्यात प्रथमच कोटेशनवर काही न बोलता मान हलवली. सुजितच घाबरला. "पाणी देऊ का, सर?"

आता अडचण अशी, की एवढा चेहरा त्याच्या मशीनमध्ये मावत नव्हता. मोठं मशीन चाकणला त्याच्या मित्राच्या कंपनीत होतं. छापून तयार झाल्यावर सुजित म्हणाला, कुरियरनं मागवला तर नाकाचा भरवसा नाही, तुम्हीच जाऊन घेऊन या. मग मी हायवेच्या गर्दीत अर्धा दिवस घालवून, खोक्यात कापूस भरून चाकणला गेलो. खोका हातात मिळाला. गेटवर मात्र सिक्युरिटीच्या माणसानं अडवलं.

"माल काय?"

"नातीचा चेहरा."

त्यानं माझा चेहरा बघितला, खोक्यातला बघितला. "गेटपास लागंल. रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?"

बोलण्यावरून तो मराठवाड्याचा वाटला. मी मऊ आवाजात विचारलं, "कुठले तुम्ही?"

"भूमचा."

"मी कळंबचा! शेजारीच की. मग सोडा ना."

"पाव्हणे असाल, पण गेटपास तर लागंल. ह्यात बसवा. रॉ मटेरियल, फिनिश्ड, स्क्रॅप, रिजेक्शन." मग त्याला माझी दया आली. "रिजेक्शन लिहू का? लगेच भाईर जाईल बघा."

नोकरीत असतो तर मी हसत हसत लिहू दिलं असतं. असले शेकडो कागद मीच फिरवलेत. पण त्या क्षणी माझा तोल गेला. "माझ्या नातीला रिजेक्शन?" मी इतक्या जोरात ओरडलो, की मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवायचा थांबवला. "काय कमी आहे तिच्यात? दाखवा! काढा बोट, दाखवा!"

भूमच्या पाहुण्यानं खोक्यात पुन्हा डोकावून पाहिलं. ती शांत झोपली होती. "कमी काय न्हाई," तो हळूच म्हणाला. "माझी बी अशीच झोपती." मग त्यानं 'नमुना' असं लिहिलं आणि पेन थांबवलं. "नमुना परत यायला लागतो. कधी यील?"

"पुढच्या उन्हाळ्यात," मी म्हणालो, आणि त्यानं तसंच लिहून घेतलं.

घरी आल्यावर पार्किंगमध्येच खोका उघडला तर चेहरा हाताला चिकटत होता आणि नेलपॉलिशसारखा वास मारत होता. सुजितला फोन लावला. तो म्हणाला, "सर, शेवटचा प्रकाश कमी पडलाय. हातमोजे घालून स्पिरिटनं पुसा आणि कडक उन्हात ठेवा. चिकटपणा गेल्याशिवाय कुणाला उघड्या हातानं देऊ नका." उन्हाचे पैसे तो लावत नव्हता, एवढंच समाधान.

मी गच्चीवर जुनी चादर अंथरली आणि चेहरा उन्हात ठेवला. तो डगमगू नये म्हणून दोन्ही बाजूंनी टॉवेलची घडी लावली. वारा होता म्हणून गळ्याच्या बाजूनंही टॉवेल सारला. उठता उठता सवयीनं एकदा थोपटलंसुद्धा. संध्याकाळी आत आणायचा, सकाळी पुन्हा ठेवायचा, असं चाललं होतं. चिकटपणा जवळजवळ गेला होता.

अशाच एका सकाळी मी आरशापुढे दाढीला बसलो होतो. एक गाल झाला होता. तेवढ्यात गच्चीवरून अशी किंकाळी आली, की वस्तरा हातातून बेसिनमध्ये पडला. यशवंतरावांच्या पत्नी गोजाबाई कुरडया घालायला वर गेल्या होत्या.

"आगं बया बया! पोर टाकून गेलंय कुनीतरी! हालत न्हाई वं!"

सगळ्या बिल्डिंगची दारं उघडली. यशवंतराव काठी घेऊन धावले, नवनाथ ऑफिसच्या कॉलचं कानातलं यंत्र तसंच ठेवून धावला, कुणी पोलिसांना बोलवा म्हणालं, कुणी आधी पाणी पाजा म्हणालं. मी अर्ध्या तोंडाला साबण, खांद्यावर टॉवेल अशा अवतारात गर्दीतून वाट काढत "अहो ती माझी आहे! माझी आहे!" असं ओरडत वर गेलो. हे वाक्य किती बिकट आहे ते यशवंतरावांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण त्यांना लगेच उलगडा झाला, आणि त्यांनीच काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं.

गोजाबाई छातीवर हात ठेवून कुरडयांच्या शेजारी बसल्या होत्या. मी त्यांची माफी मागत होतो तोच दारातून आवाज आला, "कुणाचं बाळ?"

विजयश्री होती. कठडा धरून एकटी वर आली होती. घाबरलेली, अनवाणी.

मी पुढे होईपर्यंत गोजाबाईच उठल्या आणि तिचा हात धरला. "तुजंच हाय गं. म्हंजी तुज्या रणजीतचं. तुजी नात आणून ठिवलीया तुज्या मालकानं. ये, बस हितं."

विजयश्री चादरीवर बसली. मी चेहऱ्यावरून आधी स्वतःचा हात फिरवून पाहिला. कुठंही चिकटलं नाही. मग तो तिच्या मांडीवर ठेवला. तो उन्हानं तापून कोमट झाला होता. तिनं दोन्ही तळवे दोन्ही गालांवर टेकवले आणि नुसती बसून राहिली. 

मग बोटं चालायला लागली. कपाळ, भुवया, मिटलेल्या पापण्या. नाकापाशी आली आणि ती एकदम हसली. "अगं बाई, नकटं आहे की! आणि एकानंही सांगितलं नाही मला!" मग ओठ, आणि हनुवटी. "ही तर माझ्या आईची हनुवटी. भांडणार ही." उजव्या गालावर बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा तिथंच आलं. तिथं एक बारीकशी तिरपी रेघ होती. सुजित ती घासून गुळगुळीत करणार होता, पण त्याचे वेगळे पैसे म्हणून मी नको म्हटलं होतं.

"हे काय?" तिनं विचारलं.

"उशीचा वळ असेल. झोपेत स्कॅन केलाय."

"म्हणजे उजव्या कुशीवर झोपते," विजयश्री म्हणाली, आणि तिचे डोळे वाहायला लागले. पुसायला हात मोकळे नव्हते म्हणून तिनं ते वाहू दिले. गोजाबाईंनी पदराचं टोक पुढे केलं आणि तेवढ्यात स्वतःचेही पुसून घेतले.

मग विजयश्री म्हणाली, "कपाळ तुमच्याकडचं वाटतंय. बघू, इकडे या."

चार माणसांत बायकोनं आपल्या तोंडावरून हात फिरवावा हे आमच्या पिढीला जड जातं. पण सगळे बघत होते आणि माघारीला जागा नव्हती. मी तिच्यापुढे वाकलो.

"हे काय, साबण?"

"दाढी चालू होती."

"अर्धीच?"

नवनाथ फिस्सकन हसला. विजयश्रीनं पदरानं माझा गाल पुसला आणि मग नीट, सावकाश, मघाशी त्या चेहऱ्यावरून फिरवला तसाच माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. कपाळावरून खाली आली. गालांपाशी तिचं हसू गेलं.

"किती वाळलात हो," ती हळू आवाजात म्हणाली. "हाडं लागतायत. मला कळलंच नाही."

"मी तर रोज समोरच असतो."

"मला तुमचा आवाज ऐकू येतो ना. तो अजून जाडाच आहे."

 तिचा हात माझ्या गालावर तसाच होता. मग ती भानावर आली आणि आवाज नेहमीचा झाला. "आणि खर्च किती आला याला?"

"हजार-बाराशे," मी ताबडतोब म्हणालो.

"बोटाखाली गाल उडाला तुमचा. खोटं बोलताय."

"वारा आहे."

"अहो."

"बरं, चार हजार."

"अजून उडतोय."

यशवंतराव एकाएकी आकाशातले ढग बघायला लागले. नवनाथ स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मी डोळे मिटले आणि चिकूएवढी, मोठी, फाईलची दुरुस्ती, चाकणची रिक्षा असं सगळं धरून खरा आकडा सांगून टाकला. "साडेअकरा."

कुणीतरी 'अबब' म्हणालं. विजयश्रीचा एक हात मांडीवरच्या गालावर, एक माझ्या. माझा गाल आता उडत नव्हता. माझी कंबर भरून आली होती, गोजाबाईंच्या कुरडयांवर कावळे उतरायला लागले होते, उरलेला साबण वाळून कानामागे ओढत होता. तिनं हात काढला नाही, आणि मीही वाकून तसाच उभा राहिलो.